सहा शनिवार आणि रिकामे न्यायासन: रामबागेतील कोरियन सूडपटांची माला

इंदूरच्या रामबाग भागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर, सभासदांपुरते चालणारे एक लहानसे चित्रपट-मंडळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सलग सहा शनिवारी तेथे कोरियन सूडपटांची माला दाखवण्यात आली. सहा चित्रपटांची मिळून वर्गणी ९०० रुपये, खुर्च्या ४०, वेळ सायंकाळी सहाची आणि प्रत्येक चित्रपटानंतर अर्धा तास चर्चेचा, असा बेत होता. माझ्या चोवीस वर्षांच्या भाच्याला सोबत घेऊन मी सहाही शनिवार हजर होते. ‘असले रक्तपाताचे चित्रपट चारचौघांत बसून पाहण्यासारखे आहेत का?’ असे मला आमच्या नात्यागोत्यातील अनेकांनी विचारले. पुढच्या मालेची नावनोंदणी आता सुरू झाली असल्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, असे वाटते.

मंडळ चालवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांनी चित्रपट कोणत्या क्रमाने लावले, येथूनच या मालेचे मोल सुरू होते. सूडपटांच्या मालेत पहिल्या शनिवारी त्यांनी जो चित्रपट लावला, त्यात सूड घेतलाच जात नाही. बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) हा दक्षिण कोरियातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर आधारलेला आहे. लष्करी राजवट, संशयितांना मारझोड करून कबुलीजबाब घेणारे पोलीस, आणि मोर्चे मोडून काढण्यासाठी शिपाई दुसरीकडे पाठवल्यामुळे ऐन वेळी गस्तीला न मिळालेली माणसे, एवढ्या सामग्रीतून दिग्दर्शकाने न्याय कसा हातातून निसटतो ते दाखवले आहे. शेवटच्या दृश्यात साँग कांग-हो यांनी साकारलेला पोलीस थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे, पाहतो आणि चित्रपट संपतो.

बाईंनी वाटलेल्या दोन पानी मराठी टिपणात पुढची हकिगत दिली होती. त्या वेळी कोरियात खून झाल्यापासून १५ वर्षांच्या मुदतीतच खटला भरता येत असे आणि ह्वासाँगच्या शेवटच्या खुनाची मुदत २००६ मध्ये संपली. ही मुदत २००७ मध्ये २५ वर्षांवर नेण्यात आली आणि २०१५ मध्ये खुनाच्या बाबतीत ती काढूनच टाकण्यात आली. खरा गुन्हेगार २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून सापडला. तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीच जन्मठेप भोगत होता, पण ह्वासाँगच्या खुनांसाठी त्याच्यावर खटला भरता येत नव्हता. त्यांपैकी एका खुनासाठी मात्र एका निरपराध माणसाने जवळपास २० वर्षे तुरुंगवास भोगला होता. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले ते २०२० मध्ये. हे वाचल्यावर पुढच्या पाच चित्रपटांतील माणसे कोतवालीत जाण्याऐवजी हातोडा किंवा विळा का उचलतात, हे निराळे समजावून सांगावे लागले नाही. कोरियात शेवटची फाशी डिसेंबर १९९७ मध्ये दिली गेली, पण मृत्युदंड कायद्यातून अद्याप काढलेला नाही, ही बाबही टिपणात होती आणि ती चौथ्या शनिवारी फार उपयोगी पडली.

हिंसेविषयी आधी एक साधी गोष्ट सांगते. कोरियात सामान्य माणसाजवळ बंदूक नसते, कारण तेथील शस्त्रकायदा कडक आहे. त्यामुळे या चित्रपटांतील सूड दुरून गोळी झाडून घेता येत नाही, ज्याचा सूड घ्यायचा त्याच्या श्वासाइतके जवळ जावे लागते. तिसऱ्या शनिवारच्या, पार्क चान-वूक यांच्या ‘ओल्डबॉय’मध्ये (२००३) अरुंद बोळातील हातोड्याची मारामारी एकाच सलग दृश्यात, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहावा तशी समोरून आडवी घेतली आहे. आपल्याकडचा नायक दहा जणांना लोळवूनही कपाळावर घामाचा थेंब येऊ देत नाही. येथे चोई मिन-सिक यांचा ओ दे-सू धापा टाकतो, वाकतो, खाली पडतो, पाठीत रुतलेल्या सुरीसह पुन्हा उभा राहतो, आणि त्याला मारणारेही तितकेच दमलेले असतात. मार देणाऱ्यालाही मार किती महाग पडतो, हे त्या तीनेक मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके ते एखाद्या प्रवचनातून समजले नसते. या चित्रपटाला २००४ मध्ये कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ हा तेथील दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला होता. १५ वर्षे एका खोलीत कोंडून ठेवलेला माणूस बाहेर येऊन ‘मला कोणी कोंडले?’ एवढेच विचारत फिरतो. ‘मला का सोडले?’ हा प्रश्न विचारण्याचे भान त्याला फार उशिरा येते. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी येथे सांगणार नाही, पण त्याचे मूळ शाळेच्या दिवसांत सहज तोंडून गेलेल्या एका वाक्यात आहे. ‘जिभेला हाड नसते’ ही आपली म्हण त्या रात्री घरी परतताना माझ्या मनातून हलत नव्हती.

दुसऱ्या शनिवारच्या ‘सिम्पथी फॉर मिस्टर व्हेंजन्स’वर (२००२) मात्र मला अधिक लिहावेसे वाटते, कारण त्या संध्याकाळी या मंडळाचा कमकुवतपणा आणि कसब, दोन्ही एकाच वेळी दिसले. या चित्रपटाचा नायक र्यू मूकबधिर कामगार आहे. बहिणीच्या मूत्रपिंडासाठी तो अवयवांच्या दलालांकडे जातो आणि तेथे स्वतःचे एक मूत्रपिंड आणि साठवलेला सगळा पैसा गमावून बसतो. पुढे रुग्णालयात मूत्रपिंड मिळते, पण तोवर पैसा गेलेला असतो. मग एका कारखानदाराच्या लहान मुलीला पळवून नेण्याचा, त्याच्या दृष्टीने निरुपद्रवी, बेत आखला जातो. या चित्रपटात दिग्दर्शकाने अनेक ठिकाणी आवाज जवळजवळ काढून घेतला आहे, म्हणजे र्यूला जे ऐकू येत नाही ते आपल्यालाही ऐकू येऊ नये. आमच्या माडीवर मात्र डोक्यावर चार पंखे खडखडत होते. त्यांतला एक तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ करत होता. अर्धा तास हे सोसल्यावर मागच्या रांगेतून एक आजोबा हळूच म्हणाले, “बाई, पंखे बंद करता का? उकडले तरी चालेल.” बाई उठल्या आणि त्यांनी एकेक करून चारही बटणे खाली केली.

त्यानंतर नदीकाठचा प्रसंग आला. र्यू आपल्या मृत बहिणीवर दगड रचत आहे, त्याची पाठ पाण्याकडे आहे आणि त्याच्या मागे ती लहान मुलगी पाण्यात जाते. ती हाक मारते, पण त्याला ऐकू येत नाही. माडीवर घामाने भिजलेली तीसेक माणसे होती आणि एकाही खुर्चीचा आवाज झाला नाही. त्या मृत्यूत कोणाचाही दुष्ट हेतू नाही, हाच या चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो पंख्याच्या टकटकीत हरवून गेला असता. पुढे मुलीचा बाप त्याच नदीत र्यूसमोर उभा राहतो. ‘तू चांगला माणूस आहेस हे मला ठाऊक आहे, पण मी तुला का मारणार हे तुलाही कळते ना?’ अशा अर्थाचे तो बोलतो आणि त्याला मारतो. दोघांच्याही बाजूला न्याय आहे आणि दोघांचेही हात रक्ताने भरलेले आहेत. मंडळाने पंखे आधीच दुरुस्त करून घ्यायला हवे होते, ही माझी तक्रार कायम आहे, पण प्रेक्षकाचे म्हणणे ऐकून चालू चित्रपटात उठणारा संयोजक मोठ्या चित्रपटगृहात कुठून मिळणार?

चौथ्या शनिवारी ‘लेडी व्हेंजन्स’ (२००५) होता. माझ्या भाच्याने हा चित्रपट पूर्वी मोबाइलवर पाहिलेला होता आणि तो मला तसे सांगूनच आला होता. ली यंग-ए यांनी साकारलेली ग्युम-जा एका मुलाच्या खुनासाठी १३ वर्षे तुरुंगात काढून बाहेर येते. कोरियात सुटून आलेल्या माणसाला पांढरे टोफू खायला देण्याची प्रथा आहे, यापुढचे आयुष्य तसेच पांढरे, निष्कलंक जावे म्हणून. ती ते ताट उपडे करते. खरा गुन्हेगार सापडल्यावर तिला कळते की त्याने आणखीही मुले मारली आहेत. मग ती त्या सगळ्या मुलांच्या आईवडिलांना एका ओसाड शाळेत बोलावते आणि त्यांच्यासमोर निवड ठेवते: पोलिसांकडे जायचे, की येथेच निकाल लावायचा. ते एकेकाचे मत घेतात. मग पावसात घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे कोट अंगावर चढवून, हातात सुरी किंवा कुऱ्हाड घेऊन, ओळीने बाकावर बसतात आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहतात. दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसे ते बसलेले असतात. आतला आवाज बाहेर ऐकू येतो. कोणी शेजाऱ्याला ‘तुम्ही आधी जाता का?’ असे नजरेनेच विचारते. कॅमेरा बराच वेळ या बाकाजवळच थांबतो.

चित्रपट संपल्यावर भाचा मला हळू आवाजात म्हणाला, “मावशी, हा भाग मी पाहिलाच नव्हता. इथे काही घडत नाही असं वाटून मी पुढे ढकलला होता.” या सहा आठवड्यांत मी ऐकलेले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. घरी, एकट्याने, बोटाच्या टोकाने दहा-दहा सेकंद पुढे नेत पाहिला, तर या चित्रपटांतून नेमकी हिंसाच तेवढी शिल्लक राहते. तिच्या आधीची वाट पाहणे आणि तिच्यानंतरचा रिकामेपणा गळून पडतो, आणि नीती तर सगळी तेथेच आहे. सूड उरकल्यावर ते आईवडील एका बेकरीत जमून केक खातात आणि खंडणीत गेलेले पैसे परत मिळावेत म्हणून आपापल्या बँक खात्यांचे क्रमांक कागदावर लिहून देतात. मुलाचे दुःख आणि खाते क्रमांक एकाच टेबलावर! त्या लोकांचा मला राग आला नाही. आपणही तेच केले असते, याची मात्र भीती वाटली.

एरवी चर्चेच्या आधी चहा आणि खारी बिस्किटे दिली जातात. त्या संध्याकाळीही थाळ्या आल्या. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिका बाईंनी कप हातात घेतला, पडद्याकडे पाहिले आणि तो तसाच पुन्हा थाळीत ठेवला. बऱ्याच जणांचे चहा तसेच गार झाले. त्या दिवशी चर्चा अर्ध्या तासावरून सव्वा तासावर गेली. मृत्युदंड कायद्यात आहे पण दिला जात नाही, अशा देशात आईवडिलांनी काय करावे, यावर दोन तट पडले. एरवी शनिवारी येथून उठून भुट्ट्याचा कीस खायला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाणारी मंडळी त्या रात्री सरळ घरी गेली.

पाचव्या शनिवारचा किम जी-वून यांचा ‘आय सॉ द डेव्हिल’ (२०१०) हा मालेतील सर्वांत क्रूर चित्रपट आहे आणि तो कोणी पाहू नये हेही मी स्पष्ट सांगते: ज्यांना स्त्रियांवरील अत्याचाराची दृश्ये सोसत नाहीत त्यांनी त्या दिवशी घरी राहावे. त्याच कोरियाच्या मानांकन मंडळाने त्याला सुरुवातीला दोनदा इतके कडक मानांकन दिले होते की नेहमीच्या चित्रपटगृहांत तो लावताच आला नसता, आणि काही दृश्ये कापल्यावरच तो प्रदर्शित झाला. आम्हाला कापलेली प्रत दाखवली की न कापलेली, हे टिपणात लिहिलेले नव्हते. मालेचा विषयच हिंसा असताना ही माहिती वगळणे मला खटकले. नायक गुप्तचर खात्यातील अधिकारी आहे. वाग्दत्त वधूच्या खुन्याला तो पकडतो, अधमरा करतो आणि सोडून देतो, कारण त्याला एकदाच मारून त्याचे समाधान होणार नाही. पुन्हा पकडतो, पुन्हा सोडतो. या प्रत्येक सोडण्याची किंमत कोणी तरी तिसराच माणूस मोजतो. माझ्या मते यातील अपराध मारण्यात जितका आहे, त्याहून अधिक त्या सोडण्यात आहे.

या दिवशी दारात एक प्रसंग घडला. एक सभासद आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. बाईंनी त्यांना दारातच थांबवले. “दादा, राग मानू नका, पण अठराच्या आत मी कोणालाच बसू देत नाही. तुमचे पैसे आत्ता परत करते.” त्या गृहस्थांचा आवाज चढला, ‘घरी हा सगळे पाहतोच’ असेही ते म्हणाले, पण बाईंनी आपले म्हणणे बदलले नाही. मला त्यांचे वागणे पूर्णपणे योग्य वाटले. घरी काय पाहिले जाते याची जबाबदारी मंडळावर नाही, येथे काय दाखवले जाते याची आहे.

चर्चेत पंखे बंद करायला सांगणाऱ्या त्याच आजोबांनी अश्वत्थाम्याची आठवण काढली. नर्मदेचे पाणी पिणाऱ्या आम्हा इंदूरकरांना अश्वत्थामा पुराणातला वाटत नाही. परिक्रमा करून आलेला कोणी तरी नातेवाईक त्याच्याविषयी सांगतोच, आणि बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो पहाटे पूजेला येतो असे लहानपणी प्रत्येकाने ऐकलेले असते. बापाच्या कपटी वधाचा सूड म्हणून त्याने रात्री झोपेतली माणसे कापली, द्रौपदीचे पाच मुलगे मारले, आणि कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत तो अजून फिरतो. चित्रपटाच्या शेवटी रस्त्यावरून एकटाच चालत जाणारा, हुंदके देणारा तो नायक आजोबांना अश्वत्थामाच वाटला. मला ही तुलना फार आवडली, पण ती पूर्ण लागू पडत नाही, असे मी तेथेच म्हटले आणि येथेही म्हणते. अश्वत्थाम्याला शाप देणारा कृष्ण होता. भागवतात तर ‘माझ्यासारखे त्याच्या आईला रडायला लागू नये’ म्हणून त्याला सोडून द्या, असे सांगणारी द्रौपदीही आहे. शिक्षा करणारा आणि क्षमा करणारी, दोन्ही माणसे कथेत हजर आहेत. कोरियन सूडपटांत ही दोन्ही आसने रिकामी असतात. शाप द्यायला कोणी येत नाही, क्षमाही कोणी करत नाही, आणि दिवा लागल्यावर ते काम खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकावर येऊन पडते. म्हणूनच मला या मंडळाचा तो अर्धा तास चित्रपटाइतकाच आवश्यक वाटतो.

शेवटचा चित्रपट जांग चोल-सू यांचा ‘बिडेव्हिल्ड’ (२०१०). सोलमध्ये बँकेत काम करणारी एक तरुणी डोळ्यांदेखत घडलेल्या अत्याचाराची साक्ष द्यायचे टाळते आणि विश्रांतीसाठी एका लहान बेटावर जाते. तेथे तिची बालमैत्रीण बोक-नाम नवरा, दीर आणि बेटावरच्या म्हाताऱ्या बायका यांच्या जाचात दिवस काढत आहे. म्हाताऱ्या बायका हे सगळे पाहतात आणि बटाटे खणत राहतात. सो यंग-ही यांनी बोक-नाम साकारली आहे. भर उन्हात, शेतात, ती सूर्याकडे पाहत उभी राहते आणि मग विळा हातात घेते, त्या क्षणापर्यंत चित्रपट अर्ध्याहून अधिक झालेला असतो. अनेक समीक्षक पार्क चान-वूक यांच्या त्रयीपुढे (‘सिम्पथी फॉर मिस्टर व्हेंजन्स’, ‘ओल्डबॉय’ आणि ‘लेडी व्हेंजन्स’) याला दुय्यम मानतात, पण या मालेत मला हाच सर्वांत खोल लागला. पहिल्या शनिवारी न्याय निसटताना दाखवला होता. सहाव्या शनिवारी, पाहून न पाहिल्यासारखे करणारे शेजारीही त्या निसटण्यात सामील असतात, हे दाखवले. ‘आय सॉ द डेव्हिल’वर माला संपवली असती तर आम्ही रक्त आठवत घरी गेलो असतो. बाईंनी तसे केले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता सोयींविषयी. पडदा खाली लावलेला असल्यामुळे पहिल्या दोन रांगांतील डोकी इंग्रजी उपशीर्षकांवर येतात. तिसऱ्या रांगेपासून मागे बसलेल्याला मान वाकडी करूनच वाचावे लागते, आणि ज्यांना इंग्रजी भरभर वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर संवाद अर्धाच उरतो. मराठी टिपणात पात्रांची नावे, नाती आणि कथेचा पूर्वार्ध दिलेला असल्यामुळे ही उणीव बरीच भरून निघते. टिपणाची भाषा स्वच्छ आहे, पण अक्षरे आणखी मोठी हवीत. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी आधी चौकशी करावी. गाडी लावायला वाड्यासमोर जागा नाही. स्वच्छता उत्तम आहे. ९०० रुपये मला मुळीच अधिक वाटले नाहीत.

पुढची माला जानेवारीत आहे आणि आम्ही दोघांचीही वर्गणी भरली आहे. पडदा हातभर वर घ्यावा आणि चित्रपटाची कोणती प्रत दाखवणार ते टिपणात लिहावे, या दोन सूचना मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले. भाच्याने त्याखाली एकच ओळ लिहिली आहे: तिसऱ्या क्रमांकाचा पंखा बदला.